पाऊणदाम

माझ्या उजव्या अंगठ्याला अजून घट्टा आहे.
लेबल मारायचं मशीन, खट् खट्,
एकोणीस वर्षं.
टॉवेल, तवे, बाहुल्या, बेडशीट,
कुणाच्या तरी पहिल्या पगाराची साडी,
सगळ्याला आधी माझा हात, मग गिऱ्हाइकाचा.

गाडीतळाला, टायरच्या जुन्या गोदामात
गुरुपादशेठ विभुत्यांनी ‘पाऊणदाम’ टाकलं तेव्हा
दारातली पाटी मीच रंगवली:
‘येथे भाव करू नये. तो आधीच पाडलेला आहे.’
दसऱ्याला शटर अर्धं वर गेलं
आणि बायका वाकून खालूनच आत.
एक चप्पल, डाव्या पायाची,
संध्याकाळपर्यंत उंबऱ्यात पडून होती.
शेठनी ती धुतली, गल्ल्यामागे ठेवली.
म्हणाले, लक्ष्मी एका पायानं आली, बनकर,
दुसरा आणेल.

आणलाही.
धनकवडी, चिंचवड, वारजे,
दिवेघाट चढून सासवड,
कात्रजपलीकडे सातारा, इस्लामपूर,
आणि कुणी सांगूनही न ऐकता, बार्शी.
सतरा दुकानं.
प्रत्येक उद्घाटनाला मला टेम्पोतून न्यायचे.
बनकरचं लेबल सरळ बसतं म्हणायचे.

सहकारनगरचे एक निवृत्त गृहस्थ होते.
सुट्ट्या रुपयाऐवजी लिमलेटची गोळी देतात म्हणून
त्यांनी वर्षभर गोळ्या साठवल्या
आणि एका सोमवारी
बावीस गोळ्या काउंटरवर मोजून
एक साबण मागितला.
शेठनी दिला.
मंगळवारी नवी पाटी:
‘बिलापोटी गोळ्या स्वीकारल्या जाणार नाहीत.’

मग खराडीत सरकता जिना आणला.
कर्ज किती, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही,
आम्ही जिन्याकडेच बघत होतो.
लोणी काळभोरहून माणसं जिना चढायला यायची,
वर जाऊन फोटो काढायची
आणि साध्या पायऱ्यांनी खाली.
वर ब्लेझर होते.
ब्लेझर पाऊण दामातही ब्लेझरच.

नंतर पोरी कपडे घालून बघायला लागल्या,
आरशात नाही, लेबलाकडे बघून
मोबाईलला विचारायच्या.
मोबाईल माझ्यापेक्षा दहानं खाली.
मी दहा उतरलो, तो वीस.
एका शर्टावर पाच पाच लेबलं झाली,
एकावर एक,
नखानं सोललं तर आमची पडझड
तारखेवार निघाली असती.

चादरींचे येमूल सोलापूरहून यायचे,
बंद पडलेल्या सरकत्या जिन्यावर
डबा उघडून बसायचे.
पैसे मागत नसत.
एवढंच विचारत, शेठ जेवले का.

बार्शी आधी गेली.
मग इस्लामपूर, सातारा,
ज्या रस्त्यानं टेम्पो गेला होता
त्याच रस्त्यानं रॅक घेऊन परत.
शेवटी गाडीतळ उरलं.
सरसकट निम्म्यात, मग पावात,
मग माल संपला
आणि मी पंख्यांना लेबलं लावली,
ट्रायल रूमच्या आरशाला,
हात नसलेल्या तीन पुतळ्यांना, कपाळावर.

शेठ खुर्चीतून उठले.
हिलाही मार, म्हणाले.
किती?
तू ठरव.

एकोणीस वर्षांत भाव मी कधी ठरवला नव्हता,
नुसता चिकटवला होता.
मशीनचे आकडे उगाच मागेपुढे फिरवत राहिलो.
मागून कुणीतरी खाकरलं,
सहकारनगरचे गृहस्थ, आता हातात काठी.
‘कमी नका लावू हो,’ म्हणाले,
‘बसायची खुर्ची आहे त्यांची.’

खट्.

किती लावले ते सांगणार नाही.
त्यांनी पैसे मोजले, बिल मागितलं,
बिल दोनदा वाचलं.
एक रुपया परत द्यायचा निघत होता.
गल्ला सकाळीच विकला गेला होता,
शेठ खिसे चाचपत राहिले,
आधी सदऱ्याचा, मग विजारीचा.

‘राहू द्या,’ ते म्हणाले,
‘गोळी असेल तरी चालेल.’